सगळ्यांचे ते राखायचे कुणी?

वाचकहो, तुमच्या नावावर किती जमीन आहे हे तुम्हाला गुंठ्यापर्यंत पाठ असेल. बांध कुठून कुठे जातो, शेजाऱ्याने गेल्या साली नांगराचे एखादे तास आत घातले की नाही, हेही सांगाल. आता एक वेगळा हिशेब करून पाहा. तुमच्या गावात अशी किती जागा आहे, की जी कुणा एकाच्या नावावर नाही आणि तरीही तुमची आहे?

मोजायला लागा. वडाचा किंवा पिंपळाचा पार. चावडीपुढचे अंगण. ओढ्यावरचा पाणवठा. जुनी बारव. गायरान. खळवाड. यात्रेचे मैदान. शिवारात जाणारी पाणंद. मसणवट. एखाद्या गावाला देवराई, एखाद्याला तलाव. बोटे मोजता मोजता ध्यानात येईल की आपले निम्मे आयुष्य याच जागांवर गेलेले आहे. आपण म्हणतो, "सगळे गाव गोळा झाले." गोळा झाले ते कुठे? कुणाच्या ओसरीवर नव्हे. याच जागांवर.

या जागा गावाला काय देतात, आणि त्या टिकतात कशा, मोडतात कशा, याचा आज विचार करू.

पाराला निमित्त लागत नाही

कुणाच्या घरी जायचे म्हटले की निमित्त लागते. हातउसने मागायला जावे, लग्नाचे आवतण द्यायला जावे, आजाऱ्याची विचारपूस करायला जावे. ज्याच्याशी गेल्या वर्षी बांधावरून बोलाचाली झाली, त्याच्या दारात तर पाऊलच पडत नाही. पाराला मात्र निमित्त लागत नाही. तेथे कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. भांडलेली दोन माणसे पाराच्या दोन टोकांना बसू शकतात. चार दिवसांनी त्यांतला एकजण तंबाखूची चंची पुढे करतो, आणि बोलणे पुन्हा सुरू होते. कोर्टात दहा वर्षे रेंगाळणारा वाद असा सावलीत मिटल्याची उदाहरणे तुमच्याही गावात असतील.

पारावर फक्त गप्पाच होत असत असेही नाही. इर्जिक कुणाकडे आहे, कुणाचा बैल बसला, कुणाकडे पेरायला माणूस नाही, हे तेथेच कळे आणि तेथेच ठरे. आज याचे वावर, उद्या त्याचे, अशी सावड तेथेच जमे. ज्याच्याकडे एकच बैल, तो पारावरच दुसऱ्या एकबैल्याला गाठून सारंगड करी. म्हणजे पार हे गावाचे एक कामाचे ठिकाणच होते. फक्त त्याला दार नव्हते.

बायकांसाठी हेच काम पाणवठ्याने केले. नवी सून गावात येते तेव्हा तिला घराबाहेर ओळखीचे कुणी नसते. धुण्याच्या दगडावर तिला पहिली मैत्रीण मिळे. कोणत्या घरात दुखणे आहे, कुणाच्या घरात सासुरवास आहे, हे पाणवठ्याला आधी कळत असे आणि मग पाटलाला. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात डोकावे.

पण येथे खरे बोलले पाहिजे. पाणवठ्याच्या आठवणी गोड वाटतात त्या डोक्यावर हंडा नसलेल्याला. चढणीवरून दिवसातून चार-सहा खेपा करणाऱ्या बाईला नळ म्हणजे सुटकाच. तेव्हा नळ आला हे उत्तमच झाले. प्रश्न एवढाच आहे, की नळाने पाणी घरात आणले, पण त्या पाण्याबरोबर होणारी भेट कुणी आणली? पार पुरुषांचा होता आणि आजही बहुतेक गावांत पुरुषांचाच आहे. बचत गटाची बैठक आणि पिठाची गिरणी सोडली तर बायकांनी कुणाला न विचारता बसावे अशी जागा गावात राहिली आहे का? आपल्या घरातल्या सुनेला एकदा विचारून पाहा.

सगळ्यांचे म्हणजे नक्की कुणाचे?

दुसरी खरी गोष्ट याहून कडू आहे. ज्या पाणवठ्याला आपण गावाचा म्हणत आलो, तो सगळ्या गावाचा नव्हता. गावातल्या काही घरांना तेथे घागर बुडवता येत नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतावे आणि त्यांनी खाली उभे राहून ते घ्यावे, अशी रीत होती.

मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली ठराव मांडला आणि तो संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर राहिला. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या ओंजळीचा खटला पुढे दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला, तेव्हा कुठे कोर्टाच्या लेखी तो हक्क पक्का झाला.

ही कहाणी येथे सांगण्याचे कारण असे. तळे, झाडे, घाट सगळे होते, पण त्या जागेने तेथे गाव जोडले नाही. उलट कोण आपला आणि कोण परका, याची रोजची आठवण तिने दिली. म्हणून आपल्या गावच्या पारावर आज कोण बसतो आणि कोण बाजूने निघून जातो, हे आपणही डोळे उघडून पाहिले पाहिजे. जी जागा काही जणांनाच उपयोगी, ती मोडकळीला आली की वाचवायलाही काही जणच येतात.

बारभाईंची शेती, पण शिस्तीची

'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' असे आपण म्हणतो. सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, असा त्याचा अर्थ. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या फड पद्धतीने मात्र ही म्हण पुष्कळ काळ खोटी पाडून दाखवली.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या सगळ्या भिजणीचे तीन-चार मोठे भाग करायचे. तो प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक. दरवर्षी पीक एका फडातून दुसऱ्यात फिरते. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे उसाचा लाभ झाला तर सगळ्यांना, आणि फड पडीक राहिला तर झळही सगळ्यांना.

यातली खुबी पाहा. शेतकरी स्वतः दारे धरत नसे. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे आणि शेतात पाणी देणे बारेकऱ्याकडे. पिकाची राखण करायला जागल्या, आणि सगळ्यांवर देखरेख करायला हवालदार. ही माणसे लाभधारकांनी नेमलेली आणि मोबदला धान्याच्या वाट्याने दिलेला. पाणी देणारा माणूस कुणा एका शेताचा नसल्यामुळे पाटाच्या तोंडाशी असलेल्याने दोनदा भिजवायचे आणि शेवटच्याने आकाशाकडे पाहत बसायचे, ही आपल्या नेहमीच्या कालव्यांवरची कथा तेथे सहसा घडत नसे. वर्षातून एकदा पाट साफ करायचा, गाळ काढायचा, बंधाऱ्याची डागडुजी करायची. त्याचा भार सगळ्यांवर.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली. नदीचे वाहते पाणी कमी झाले. विहिरी आणि पंप आले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटाची गरज उरली नाही, आणि ज्याला गरज नाही तो गाळ काढायला कशाला येईल? बऱ्याच ठिकाणी फड मोडले, काही ठिकाणी कसेबसे टिकले. पण शेकडो वर्षे ही पद्धत चालली ती माणसे फार सज्जन होती म्हणून चालली असे समजू नका. माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती. पाळी ठरलेली होती, मोबदला ठरलेला होता, आणि चुकणाऱ्याला दंड ठरलेला होता. त्या पाळीमुळे माणसे वर्षातून दहा वेळा एकमेकांच्या समोर येत. ओळख टिकली ती त्या येण्या-जाण्यातून.

राखण गेली, तळे गेले

आता पूर्व विदर्भात चला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. मालगुजारी तलाव किंवा मामा तलाव या नावाने लोक त्यांना ओळखतात. यांतले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. या तलावांवर धान भिजे, गुरे पाणी पीत, ढिवर मासे धरत, आणि गाळ काढला की तो शेतात खत म्हणून जाई. ज्याला जसा लाभ, तसे त्याने तलावाचे काम करायचे, असा रिवाज होता.

मालगुजारी हीही काही रामराज्य नव्हती. मालगुजार हा वसूल करणारा धनी होता. १९५० च्या कायद्याने ती पद्धत गेली आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. लोक म्हणू लागले, "तलाव आता सरकारचा." मग पाळ फुटली तर सरकारने बांधावी, गाळ साठला तर सरकारने काढावा. सरकारचा माणूस तालुक्याच्या गावी. गाळ साठत गेला, पाळीवर झुडपे माजली, पाण्यात बेशरम पसरली आणि मासा कमी झाला.

अलीकडच्या काळात गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी यातून वाट काढलेली आहे. तलावातली बेशरम त्यांनी हातांनी उपटली, पाण्यात उगवणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी माशांना थारा दिला. ज्यांच्या चुलीचा संबंध त्या पाण्याशी आहे, त्यांनीच ते हाती घेतले. मत्स्यव्यवसायाच्या बैठकीत पूर्वी पुरुषच बसत, तेथे आता या बायका बोलतात. तळ्याबरोबर त्यांची गावातली जागाही बदलली.

कुऱ्हाडबंदीची राई

सह्याद्रीच्या अंगाला आणि कोकणात देवराया आहेत. काळकाई, वाघजाई, भैरी अशा देवांच्या नावाने राखलेले हे जंगलाचे तुकडे. काही पाच-दहा झाडांचे, काही पुष्कळ एकरांचे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून त्यांची पाहणी केली. बाहेर जे वृक्ष आणि वेली दिसेनाशा झाल्या, त्या या रायांत टिकून असल्याचे त्यांनी दाखवून दिले. कितीतरी रायांच्या पोटातून बारमाही झरा निघतो, आणि खालची भातखाचरे आणि पाणवठा त्यावर चालतात.

येथेही नियम होता. कुऱ्हाड न्यायची नाही. काही ठिकाणी पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. अगदी नड असेल तर देवाचा कौल घ्यायचा, आणि कौल घ्यायचा म्हणजे सगळ्या गावासमक्ष मागायचे. श्रद्धा ज्याची त्याची. पण चारचौघांत मागितल्याशिवाय कुणाला काही घेता येत नव्हते, ही व्यवस्था मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. जेथे हा धाक सुटला, तेथे रस्ता आला, ठेकेदार आला. कधी जुने कौलारू देऊळ पाडून मोठे सिमेंटचे देऊळ बांधायचे म्हणून राईच विकली गेली. देव मोठ्या घरात गेला आणि झरा आटला.

मेंढ्याचे गोटूल

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटे गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. या गावाच्या जागृतीत एका सामाईक जागेचा मोठा भाग आहे. ती जागा म्हणजे गोटूल, गावाने एकत्र बसायचे, तरुणांनी शिकायचे घर. गावकऱ्यांनी जंगलातले लाकूड आणून ते परंपरेप्रमाणे उभारले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून मोडले. तेव्हा एकटे मेंढाच नव्हे, तर आजूबाजूची गावेही एकत्र आली आणि गोटूल पुन्हा उभे राहिले.

पुढे याच गावाने ठरवले, की निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने घ्यायचे. एकाचाही विरोध असेल तर बोलत राहायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारे ते देशातले पहिल्या गावांपैकी एक. २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. एवढा कारभार त्या गावाला झेपला, कारण एकत्र बसायची सवय आधीच अंगवळणी पडलेली होती.

आता आपल्या गायरानाकडे

गायरान, तळे, पाणंद, ओढा यांवर आज सगळ्यांचा डोळा आहे. कुणी बांध सरकवतो, कुणी शेड टाकतो, कुणी भराव घालतो. "सगळेच करतात," हे उत्तर ठरलेले. पंजाबातल्या एका गावचे तळे असेच बुजवून घरे बांधली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की गावाची सामाईक जमीन गावालाच परत मिळाली पाहिजे. अशी अतिक्रमणे हटवण्याची योजना करा, असे सर्व राज्यांना बजावले. अतिक्रमण फार वर्षांचे आहे, बांधकामावर फार खर्च झाला आहे, ही सबब चालणार नाही, असेही सांगितले.

त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे. तोही विसरू नये. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, त्यात पडीक आणि गायरान जमिनीची मागणी होती. ज्याला वीतभर जमीन नाही, त्याने गायरानाचा तुकडा कसून पोट भरले, ही एक गोष्ट. वीस एकरांच्या धन्याने आणखी दोन एकर गिळले, ही दुसरी. दोन्हींना एकाच तराजूत घालून गरिबाची झोपडी आधी पाडायची आणि धन्याच्या शेडकडे पाठ फिरवायची, असे केले तर गाव जोडले न जाता तुटेल.

येत्या ग्रामसभेपर्यंत

मोठी योजना, मोठा निधी यांची वाट पाहू नका. पुढची कामे बिनपैशाची आहेत.

पहिले काम, गावातल्या सामाईक जागांची यादी करा. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन शिवार फिरा. त्यांना जुन्या वाटा, झरे, गुरांच्या थांबण्याच्या जागा ठाऊक असतात. पोरांनाही न्या, म्हणजे ती माहिती पुढे जाईल.

दुसरे, कागद पाहा. पूर्वीचे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे गायरानाचा सातबारा आणि अतिक्रमणाची नोंदवही, म्हणजे गाव नमुना एक-ई, असते. विदर्भातल्या गावांनी निस्तार पत्रक अवश्य पाहावे. कोणत्या जागेवर गावाचा कोणता हक्क, ते त्यात लिहिलेले असते.

तिसरे, एकच जागा निवडा. बुजलेली बारव असेल, कचऱ्याचा उकिरडा झालेला पार असेल. पाच जागा धरल्या तर एकही होत नाही.

चौथे, श्रमदानाच्या दिवसाबरोबर पुढच्या वर्षाची पाळीही लिहून काढा. श्रमदानाचे फोटो निघतात, हारतुरे होतात आणि पुढच्या पावसाळ्यात गवत माजते, हा आपला अनुभव आहे. कोणत्या आळीची कोणत्या महिन्यात पाळी, चुकल्यास काय, हे फळ्यावर लिहा. त्या यादीत गावातली प्रत्येक वस्ती असली पाहिजे, गावकुसाबाहेरची आणि वाडीवरचीही.

पाचवे, ती जागा बायकांना बसता येईल अशी करा. तेथे काय हवे, दिवा हवा की आडोसा हवा, हे त्यांनाच विचारा.

तुमच्या शेताचा बांध तुम्ही डोळ्यांत तेल घालून राखता, कारण तो तुमचा आहे. पाराचा चिरा निखळला तर तो बसवायला आज कुणाची पाळी आहे, हे तुमच्या गावात कुणाला सांगता येईल का? सांगता येत नसेल तर येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच विचारा. आणि पाळीच्या यादीत पहिले नाव आपलेच लिहा, म्हणजे दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहणार नाही.